आटे

पहाटे साडेतीनला पाथर्डी फाट्यावर
कुत्री असतात आणि मी.
खांद्यावर चावी, नांगराच्या रुमण्याएवढी जड.
झाकण उचललं की झुरळं,
आणि गळ्यापर्यंत गंजलेला व्हॉल्व्ह.
पूर्ण उघडायला बावीस आटे लागतात.
मी चौदावर थांबतो.
पुढे गेलो तर वरच्या टाकीचा तळ दिसतो.

चावीला कान लावला की कळतं सगळं:
आधी नुसती हवा, खाकरत, थुंकत,
मग पाणी.
मी कामाला लागलो तेव्हा इथे द्राक्षांचे मांडव होते,
आता तारांच्या जागी बाल्कन्या, सातव्या मजल्यापर्यंत.
पाइप तोच. आठ इंची.

सोमवारी चार नंबरच्या गल्लीत मयत झाली.
खैरनारांचा थोरला अनवाणीच आला,
"पुंजारामभाऊ, आंघोळींपुरतं."
दोन आटे जास्त दिले.
वहीत लिहिले नाहीत.

दुपारी शेवटच्या गल्लीतून फोन: नळाला नुसती फुंकर.
गेलो.
सातवी-आठवीतली एक पोरगी
कोरड्या नळाखाली पातेलं ठेवून
शेजारी पुस्तक वाचत बसलेली.
"येईल ना, काका?"
तिला मयत कशी सांगणार.

दोन आटे म्हणजे किती लिटर,
ते साहेबांच्या तक्त्यात असेल.
माझ्याकडे ते पातेलं आहे,
आणि तोवर तिने उलटलेली पानं.

कार्तिकात आदेश निघाला,
धरणातून खालच्या जिल्ह्यांना पाणी सोडायचं.
फाट्यावर माणसं जमली. आमचं पाणी, आमचं पाणी.
मी टपरीवर चहा पीत होतो.
ओरडणाऱ्यांत चार नंबरची गल्ली होती,
शेवटची नव्हती.
शेवटची गल्ली कुठवर जाते, कोणी पाहिलंय?

सिन्नरच्या पलीकडे माझी बहीण, मथुरा.
टँकर पाचव्या दिवशी.
ड्रमवर तिने निळ्या रंगाने नाव घातलंय,
सासरचं नाही, माहेरचं.
फोनवर विचारते, "तू तर पाणी सोडतोस ना रे?"
सोडतो, म्हणालो.
आणतो, असं तिने विचारलं नव्हतं.

आटा म्हणजे फेरा. आटणं म्हणजे संपणं.
एकाच घरातले शब्द असावेत,
चावी घालताना वाटतं कधी कधी.

आजपासून कपात. बारा.
वहीत बारा लिहिलं,
मग पान मागे उलटून
सोमवारच्या रकान्यात
चौदा खोडून सोळा.