भरलेली नळी

चौदाशे तीनचं दार फायरवाल्यांनी तोडलं होतं,
तरी सवयीने मी चपला बाहेर काढल्या.
मग परत घातल्या. आत सगळी काच.

अणावकर सेक्रेटरी म्हणाले, कुठे कुठे फुटलंय बघ,
एस्टिमेट दे, विम्याला लागतं.

बाथरूमच्या माळ्यावर टॉर्च मारला.
गिझरची नळी शेवयांसारखी लोंबत होती.
तिच्या शेजारची, दोन बोटांवरची फ्लशलाइन
काळवंडलेली, पण सरळ.
आग एकच, कंपनी एकच,
दोन्ही मीच चिकटवलेल्या,
कन्नमवार नगरातली जुनी चाळ पाडून
हा टॉवर उठला त्या वर्षी.

फ्लशला बोअरिंगचं पाणी, चोवीस तास.
पिण्याचं अकरा ते पाच बंद.
खालच्यांनी नळ सोडले की
वरच्यांच्या नळीतला शेवटचा घोटसुद्धा खाली उतरतो.
आणि पाणी पोटात असेल तोवर नळी तग धरते,
लागलेली धग पाण्याला देऊन टाकते.
रिकामी नळी म्हणजे नुसतं प्लास्टिक.
आग लागली अडीचला.

पाच वाजता रामसकल वॉचमनने,
नको म्हणून कुणी सांगितलं नव्हतं,
गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह फिरवला.
मग विझलेल्या घरात सगळीकडून पाणी आलं,
भिंतीतून, बेसिनखालून,
जिथे शॉवर होता त्या भोकातून,
राखेवर, गाद्यांच्या स्प्रिंगांवर.
अगदी वेळेवर. पाच म्हणजे पाच.

स्वयंपाकघर मात्र उभं.
दाराची चौकट कोळसा, आणि उंबऱ्याच्या आत
बरण्यांवरची लेबलंसुद्धा वाचता येतात.
छतावरच्या स्प्रिंकलरची लाल कुपी तेवढी फुटलेली.
अडुसष्ट अंशाला फुटते ती, तांदळाएवढी काच.
लोकांना वाटतं एक फुटला की सगळे सुरू होतात.
तसं नाही.
ज्याच्या डोक्याशी धग येते तोच उघडतो,
बाकीचे आपापल्या खोलीत गप्प.
पहिलं पाणी काळंच पडतं,
सात वर्षं लोखंडात बसलेलं.
फ्रीजवर त्याचे ओघळ सुकले होते.

मणचेकरबाई जिन्यात बसल्या होत्या,
शेजारणीची शाल, एका पायात मोजा.
म्हणाल्या, कसलं घाण पाणी हो ते,
सगळी डाळ गेली.
मी म्हटलं, हो.

बेडरूममध्ये शेवटी गेलो.
स्कूटरची बॅटरी तिथे चार्जिंगला होती म्हणे.
पीओपीचं छत पलंगावर कोसळलेलं,
आणि वर, उघड्या पडलेल्या पाइपाच्या तोंडाला,
माझा प्लग.

मुलाच्या लग्नाआधी डेकोरेटर म्हणाला होता,
हे मधेच लोंबतंय, झुंबर कुठे लावू?
मी आठशे मागितले, सहाशेवर आलो.
बाईंनी चहा देताना विचारलं, चालेल ना हो?
एक तर आहे, म्हटलं, दुसऱ्या खोल्यांत आहेत की.
टेफ्लॉनचे सात वेढे. मी सातच घालतो.
दोन वर्षांत थेंब गळलेला नाही.
काल दुपारभर त्या प्लगच्या मागे
पाणी दाबात उभं होतं,
पलंगापासून सहा फुटांवर.

काळं पडलेलं स्टूल घेतलं, पान्हा लावला.
आधी मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा असतो,
पोरांना शिकवताना पहिलं वाक्य हेच.
फिरेना. आट्यांना आगीने आवळलं होतं.
दोन्ही हातांनी लोंबकळलो.
पाव आटा सुटला
आणि गार काळं पाणी मनगटावरून बाहीत शिरलं,
कोपरापर्यंत, मग बगलेपर्यंत.

अणावकर दारातून ओरडले, अरे गळतंय ते!
गळू दे, म्हटलं.
जरा गळू दे.