अ हा प्रेसवर काम करतो

वर्तकनगरच्या अभ्यासिकेत खुर्ची क्रमांक सव्वीस,
महिना सहाशे, पंखा धरून. एसीची बाजू आठशे.
मी पंख्याखाली. पानं उडतात,
म्हणून निष्काळजीपणावर डबा ठेवलाय
आणि बदनामीवर पाण्याची बाटली.

शेजारी कुलसुम दळवी. वय साठ,
वीजबिलाच्या खिडकीमागे तेहतीस वर्षं बसून आलेली,
आता कौशाहून रोज दोन रिक्षा बदलून.
ती व्याख्या पाठ करत नाही, ग्राहक आठवते.
"उपद्रव म्हणजे तो गिरणीवाला गं,
ज्याच्या जात्याने अख्खी चाळ थरथरायची. लिहून टाक."

पुस्तकात एक विवेकी माणूस राहतो.
जिना उतरताना कठडा धरतो,
गॅस बंद केला का हे एकदाच बघतो,
त्याचा कुत्रा आजवर कुणाला चावला नाही.
अर्धा कायदा त्याला विचारून चालतो.
मी त्याला ठाण्यात शोधलं.
तीन हात नाक्यावर सिग्नलला थांबला असेल,
मागून सगळे हॉर्न मारत असतील
आणि तो विवेकाने लेट होत असेल.

पेपरच्या सकाळी बाबांनी माझी दोन्ही पेनं चालवून बघितली,
वर्तमानपत्राच्या कडेवर, स्वतःची सही करून.
अंगठा आणि दोन बोटं मिळून करतात ती सही.
पहिल्यापेक्षा थोडी उतरती, बाकी तीच.

केंद्र कोपरीला. तिसरा मजला, डगमगता बाक.
प्रश्न चौथा: संमती असेल तर इजा नाही,
हे तत्त्व उदाहरणासह स्पष्ट करा. गुण पंधरा.

तत्त्व लिहिलं. अपवाद लिहिले.
मग उदाहरणार्थ, आणि पेन थांबेना:

अ हा प्रेसवर काम करतो.
ब हा वागळे इस्टेटमधल्या त्या प्रेसचा मालक आहे.
प्रेसला जाळी हवी. ब म्हणतो, दिवाळीनंतर.
जाळी नाही हे अ ला ठाऊक आहे.
शाळेची फी दहा तारखेला, हेही ठाऊक आहे.
(हे खोडलं. फीला गुण नसतात.)
अ ची दोन बोटं जातात.
ब त्याला चहा पाजतो, अकरा हजार देतो
आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवतो:
मी राजीखुशीने लिहून देतो की

कीच्या पुढचं आमच्या घरात कुणी वाचलेलं नाही.
कागद कपाटात आहे, रेशनकार्डाखाली.

ठाऊक असणं म्हणजे संमती नव्हे.
एवढ्या वाक्याखाली दोनदा रेघ मारली.
"पुरवणी?" सुपरवायझर बाईंनी विचारलं.
दोरा बांधताना
माझ्या दहाही बोटांचा गोंधळ झाला.

पाचवा प्रश्न बारा मिनिटांत, बस सुटावी तसा.

बाहेर कुलसुम. "चौथ्यात काय लिहिलंस?
मी क्रिकेट. षटकार बसला प्रेक्षकाच्या नाकावर."
"मीही तेच," मी म्हटलं.
गावदेवीपाशी तिने पियुष पाजलं, पैसे देऊ दिले नाहीत.
"प्रतिफल नाही, म्हणजे करार नाही.
हे परवाच्या पेपरला लक्षात ठेव."
तिच्या मिशीवर पिवळी साय होती. मी सांगितलं नाही.

घरी बाबा तेच वर्तमानपत्र वाचत बसलेले,
कडेला सह्या.
"कसा गेला?"
"बरा. एक उदाहरण घातलं. अ नावाचा माणूस असतो."
त्यांनी पान उलटलं.
जरा वेळाने म्हणाले,
"मग त्याचं काय झालं?"

"निकाल जुलैत आहे."

"इतक्या लवकर?"