टॉवेल

पेटी उघडली की आधी वास येतो,
सुकटीसारखा, थोडा खारट.
घरातली माणसं एकमेकांकडे बघतात.
मी म्हणतो, काही मेलं नाही, कपॅसिटर फुटलाय.

विडी घरकुल, मेची अठरा तारीख, दुपारचे तीन.
छपरावरचं ऊन फुकट, भरपूर, आणि खाली पंखा बंद.
मी डीसी स्विच पाडला, पाच मिनिटं नुसता बसलो.
आत साठलेलं असतं, ते घाई केली की चावतं.
यादम्मा सुपात तेंदूची पानं कापता कापता म्हणाल्या,
"दोन वर्षं लेकरागत सांभाळलंय ओ याला.
आता का रुसलंय, बघा की."

लेकरागतच.
पश्चिमेची भिंत, वर तापलेला पत्रा,
पेटीवर हळदीकुंकवाची बोटं,
खंडेनवमीचा झेंडू वाळून काळा झालेला,
आणि अंगभर पांघरलेला
त्यांच्याच मागावरचा टॉवेल,
जाड, गुलाबी, काठाला मोर.
धूळ बसू नये म्हणून.

टॉवेल काढला तर
तापातल्या माणसाच्या कपाळावरून हात काढावा तसं झालं.
आतल्या छोट्या पंख्यावर शेजारच्या लूमची रुई,
इतकी, की पाती दिसत नव्हती.
एक पाल, कागदासारखी सपाट.
टर्मिनलचा स्क्रू सैल, भोवतीचं प्लास्टिक
करपलेल्या भाकरीच्या कडेसारखं.
आणि चार कपॅसिटर, डोकी फुगवून.
दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं,
असा त्यांचा साधा हिशेब असतो.
सोलापूरला तो कुणी सांगितलेला नाही.

नरसय्या बिंगी दारातच उभे.
"मालच खराब निघाला का?"

हो म्हणणं सोपं असतं.
कंपनी लांब असते, तिला ऐकू येत नाही,
गिऱ्हाईक मान हलवतं, चहा येतो.
पण पेटीच्या तळाशी निळ्या पेनानं
तारीख होती,
आणि अक्षर माझं होतं.

जिन्याखाली उत्तरेला जागा होती तेव्हाही.
सावली, वारा.
यादम्मांनी रांजण तिथंच ठेवला होता.
रांजणाला कळलेलं मला कळलं नव्हतं असं नाही.
वायर चार मीटर वाचत होती.

सांगितलं. नरसय्या काही बोलले नाहीत.
पॉवरलूमवर चाळीस वर्षं काढलेला माणूस,
तुटलेला धागा कुणाच्या हातून तुटला
हे त्याला सांगावं लागत नाही.
मग त्यांनीच कबूल केलं, हळू आवाजात,
की पोरानं कूलर, मिक्सर आणि बॉबिनची मोटर
एका दमात चालू केली होती, गंमत म्हणून.
मोटर उठताना चौपट मागते, मी म्हणालो.
तिला महावितरणवरच राहू द्या.

संध्याकाळपर्यंत पेटी जिन्याखाली गेली,
चारी बाजूंनी वीतभर मोकळी.
रांजण पलीकडच्या कोपऱ्यात सरकला,
पाणी आणि वीज शेजारी नांदत नाहीत.
अर्थिंगचा खड्डा दगडासारखा कोरडा निघाला,
तुळशीला घालता त्यातला एक तांब्या इथं, म्हटलं,
उन्हाळाभर, रोज.
दर महिन्याला स्विच पाडून बाहेरून ब्रश फिरवा,
दिवाळीआधी मला बोलवा, स्क्रू आवळतो.
आणि काही पांघरू नका.
पूजा करा, फक्त उघडं राहू द्या.

पंखा फिरला.
यादम्मांनी त्या टॉवेलची घडी केली, मग मोडली,
माझ्यापुढे धरली. तोंड पुसलं.
अजून कोमट होता.

बिलात लिहिलं, कपॅसिटर चार, फॅन एक, टर्मिनल एक.
नरसय्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.
"वायर लिहायची राहिली की."

राहिली होती, म्हणालो,
दोन वर्षांपूर्वी.