अक्कलदाढ

कुटबणच्या जेटीवरून सहा पाकिटं आली वेर्ण्याला.
सहाव्यात चार दात, बाकी नाव घेण्यासारखं काही नाही.
ट्रॉलरवर सिलिंडर फुटला तेव्हा पहाटेचे तीन,
आणि डिझेल पाण्यावरही जळतं.

पुढचे दात आधी जातात.
ओठ मागे सरतात, आग सरळ आत येते.
दाढांना गालाचा आडोसा असतो, जिभेचा असतो,
त्या थोड्या उशिरा तापतात.
मी रंगावरून अंदाज बांधते.
तपकिरी असेल तर जीव लावून बसावं,
काळ्याचंही बघता येतं काहीतरी,
पण खडूसारखा पांढरा झाला की दात
नुसता स्वच्छ असतो.
तीन स्वच्छ होते.
चौथी दाढ हिरडीतून पुरती वर आलेलीच नव्हती,
हाडात अर्धी दडून बसली, म्हणून वाचली.

एक्स-रे काढला, नंबर घातला, बाजूला ठेवला.
कायतानने नायट्रोजन ओतला. वाफ टेबलाखाली उतरली.
एवढ्या आगीतून आलेल्याला
मी उणे एकशे शहाण्णवात बुडवलं,
मग दळलं.

दाताच्या कण्या करणं म्हणतात ना,
मी खऱ्याखुऱ्या करते, पगार घेऊन.
तिकडे जेटीवर कंत्राटदारापुढे
एक बाई दुसऱ्या करत होती, ओडियात.

सुकुरी नायक. गंजामहून दोन दिवस रेल्वेनं.
गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायला
तिनं तोंड उघडलं: खाली तीनच दात,
गुडाखूनं काळे.
काडी बाहेर काढली तरी तोंड उघडंच ठेवलं तिनं.
झालं, म्हटलं. झालं हो.

बोटीच्या रजिस्टरात: दिबाकर नायक, खलाशी, वय सव्वीस.
आधार कार्डाची झेरॉक्स टाचलेली.

आठव्या दिवशी उत्तर आलं.
नव्याण्णव, दशांशचिन्ह, पुढे नऊच नऊ.
मुलगा तिचाच.
कोणता, ते यंत्राला विचारलेलं नव्हतं.

अहवालावर सही करताना एक्स-रे पुन्हा हातात आला.
सव्विसाव्या वर्षी अक्कलदाढेचं मूळ मिटलेलं असतं.
हे खालून उघडं होतं, बोरूसारखं,
अजून वाढायचं होतं.
सतरा. फार तर अठरा.

पेनाचं टोपण लावलं.
बाहेर बाकावर ती, आणि तिची पिशवी धरून एक जण उभा.
पहिल्या दिवसापासून उभाच.
भाचा आहे, असं सांगितलं होतं.
तुमचं कार्ड दाखवा, म्हटलं.
त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
‘मॅडम, कार्ड तर बोटीवर होतं.’

मग ती बोलली, त्यानं हिंदी करून सांगितलं:
टुकुनाची दाढ दुखत होती. मागची.
फोनवर सांगायचा, जेवता येत नाही.
आई म्हणाली होती, लवंग धर.
बोटीवर लवंग असते का, मॅडम?

मला माहीत नाही. कायतानलाही माहीत नव्हतं.

अहवालात नावासाठी रकाना एकच आहे,
अर्ध्या ओळीचा.
मी तो आज रिकामा ठेवून पोलिसांना फोन लावला,
त्यांनी जेवणानंतर करा म्हटलं.

दाढेची पूड उरली आहे थोडी, चिमूटभर,
झाकणाच्या नळीत, शीतपेटीत.
ती घरी नेता येईल का, असं विचारलंय त्यांनी.
नियम बघावा लागेल.