चौकशी

लॅबमधली पाध्ये विचारते,
काय बघतेस गं असलं? चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी,
सिगारेटी, मनगटावर ब्लेडचे वण, तळ्यात सापडलेलं प्रेत,
झोप तरी कशी लागते तुला.

मी ट्यूबवर नाव लिहिते.
मूठ वळा, म्हणते समोरच्या बाईंना.
उत्तर देत नाही.

रात्री साडेअकराला, विक्रोळीत, कन्नमवार नगरात,
भांडी पालथी घातली, गॅस बंद असल्याची दोनदा खात्री केली
की मी इयरफोन लावते
आणि ते डोंगरातलं गाव माझ्या ओट्यापाशी येऊन उभं राहतं.
तिथे सतत धुकं. इथे फ्रिजची घरघर, हायवेवरचे ट्रक.
सहा मैत्रिणी आहेत. आधी सात होत्या.
सगळ्या खोटं बोलतात,
आणि किती सुंदर बोलतात,
केस मागे सारत, डोळ्याला डोळा देत.
आम्हाला कधी जमलं नाही तसं.

खरं सांगू? भीती वाटावी म्हणून नाही बघत.
खुनी कोण ते मला तिसऱ्या भागातच कळलं होतं.
रक्त काढणाऱ्या बाईला हात लपवणारे ओळखू येतात.

बघते ती त्या तपास करणाऱ्या बाईसाठी.
मळका कोट, स्वतःचं घर धड नाही,
ती एकेका पोरीसमोर खुर्ची ओढून बसते
आणि विचारते, त्या रात्री तू कुठे होतीस.
मग गप्प.
कॅमेराही गप्प.
एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडाकडे
एक मोठं माणूस दीड मिनिट बघत राहतं,
घड्याळात न बघता.

आमच्या वर्गातली कुंदा तांडेल
सहामाहीनंतर आलीच नाही.
चुनाभट्टीची शाळा, नववी ब, खिडकीकडचा तिसरा बाक.
हजेरी घेताना बाई आठवडाभर तिच्या नावाशी अडखळल्या,
मग नावच गेलं.
सत्ताविसानंतर एकदम एकोणतीस.
कुणी म्हणालं गावी नेली. कुणी म्हणालं लग्न.
एक म्हणाली विहीर, तिला तिच्या आईने पट्टीने मारलं.

मला माहीत होतं.
सगळं नाही. पण शिकवणीच्या सरांच्या जिन्यात
ती किती वेळ बुटाची नाडी बांधत बसायची,
वर जायला नको म्हणून,
तेवढं माहीत होतं.
तिच्या बुटांना नाडी नव्हती. बक्कल होतं.

कुणी विचारलंच नाही मला.
विचारलं असतं तर मीही थापच मारली असती बहुतेक.
पण खुर्ची ओढल्याचा तो आवाज,
तो हवा होता.

एक गोष्ट पाध्येला सांगितलेली नाही.
डोळे मिटायला लागले की मी थांबवते, समजा एकतिसाव्या मिनिटाला.
दुसऱ्या रात्री उघडावं तर लाल रेघ पुढे सरकलेली,
चव्वेचाळीस.
घरात खातं एकच. नवऱ्याला क्रिकेटपलीकडे काही उघडता येत नाही.
उरली शाल्मली. अकरावी.
दार लोटलेलं, फटीतून निळा उजेड.
महिना झाला, आम्ही अशा बघतोय
एकमेकींच्या मागून, एकमेकींची खूण उचलत.
बोललो नाही कधी.
सकाळी ती डबा विसरते, मी ओरडते.

काल रेघ मागे गेली होती.
मागे. त्या खुर्चीपाशी.
परवाही तिथेच.
एकच प्रसंग कुणी तीनतीनदा का बघावा?

मी तिच्या दारापर्यंत गेले,
हातात वाळलेले कपडे, निमित्त म्हणून.
आमच्या घरात सगळ्यांना विचारता येतो असा एकच प्रश्न आहे,
तोच आला तोंडात:
जेवलीस का?
हो, म्हणाली.
माझ्यासमोरच जेवली होती.

मग मी कपडे पलंगावर ठेवले
आणि टेबलाखालची खुर्ची ओढली.
फरशीवर करकर आवाज झाला, खालचे उद्या बोलतील.
बसले.
घड्याळ माझ्या पाठीमागे होतं.

तिने एका कानातला इयरफोन काढला.