काठोकाठ

कागदावर आमच्या पाच गाई होत्या.
खरी एकच, जिपारची,
कपाळावर पांढरा ठिपका असलेली.

कर्जवाली बाई पाच तारखेला नारीनहून यायची,
चिखलाने माखलेल्या निवा गाडीतून,
आणि आम्ही गाय मागच्या वाटेने
एका अंगणातून दुसऱ्या अंगणात हाकायचो.
ठिपक्याला कधी काजळी फासायचो, कधी राहून जायचं.
"कर्जातून घेतलेली?"
"हो."
फोटो.
तिसऱ्या फोटोत गायच वैतागलेली दिसते.
बाईला कळत नसेल असं नाही.
तिच्याकडेही वरून कुणी फोटो मागत असणार.

बुरूलकानने गाईचे पैसे उचलले
त्याच आठवड्यात तिची सासू गेली.
मयताला घोडा कापायलाच हवा,
नाहीतर गाव काय म्हणेल.
गाव काही म्हणालं नाही. गाव जेवलं.
मीही जेवले,
आणि उरलेलं पिशवीत बांधून घरी आणलं, पोरांसाठी.
तशी रीतच आहे.

सह्या पाच. एकीचं थकलं तर चौघींनी भरायचं.
तेव्हा केवढं हसलो होतो!
"माझ्या लग्नालाही इतके साक्षीदार नव्हते,"
तोक्तोबुबू म्हणाली होती.

मार्चमध्ये बुरूलकान मॉस्कोला गेली, रस्त्यावरचा बर्फ झाडायला.
दोन हप्ते आले.
मग फोन लागेना.
जिपारची गाय बाजारात गेली, ठिपक्यासकट,
आणि आम्ही चौघी
एकमेकींच्या चुलीवरचा वास ओळखू लागलो:
आज हिच्याकडे मांस. म्हणजे पैसे आहेत हिच्याकडे.

बुरूलकानच्या लेकीकडे मला पाठवलं.
बेर्मेत, पंधरा वर्षांची, दोन धाकटे भाऊ सांभाळते.
तिने चहा ओतला, अर्धाच प्याला.
आमच्याकडे पाहुण्याला अर्धाच देतात,
लवकर संपावा, पुन्हा मागावा, बसणं लांबावं म्हणून.
भरून दिला की समजायचं,
उठा आता.

मी हप्त्याचं काढलं. भिंतीवरच्या गालिच्याकडे बघत.
ती काही बोलली नाही.
किटली उचलली,
डावा हात छातीशी, आईने शिकवल्यासारखा,
आणि प्याला काठोकाठ भरला.
थेंब सांडू दिला नाही पोरीने.

मी तो सगळा संपवला. जीभ पोळली.
घरी येताना वाटभर हिशोब करत होते,
त्या घोड्यातलं माझ्या वाट्याला
किती आलं असेल,
पिशवी धरून.