दोन बोटं

कोणी काही म्हणो, दोन बोटं मीच दाखवली होती.
मांड्यांच्या आडून, मातीकडे टोकं करून.
म्हणजे, वळणारा टाक.
सातवा डाव, शहाण्णव चेंडू झालेले,
वडाळ्याच्या मैदानाचा तो कडेचा तुकडा
जो क्रिकेटवाले उठले की आमचा व्हायचा.

हर्षू तांडेलनं मान डोलावली. टाकला.
चेंडू वाटेतच मातीत पडला.
आवाज त्याला ऐकू आला, मला नाही.
"ओली सुतळी तुटते ना, तसा," नंतर म्हणाला,
कोपर पोटाशी धरून, दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तसं.

माझ्या तळहाताला महिनाभर आधी कळलं होतं.
मिटमधून पोचणारा चटका कमी झाला होता.
बोललो नाही.
उपांत्य सामना होता.

केईएममध्ये डॉक्टरीणबाईंनी
त्याचा अंगठा करंगळीला जुळवायला लावला.
मनगटावर एक दोरी ताठ उभी राहिली.
"ही काढू, कोपरात ओवू. कित्येकांना नसतेच ही."
त्याचा बाप, शिवडीच्या बंदरावर जाळी सांधून म्हातारा झालेला,
म्हणाला, "आम्हीपण तेच करतो.
कडेचं सूत काढतो, मधलं भोक बुजवतो.
पण बाई, मग कडेचं काय?"

त्या रात्री दिव्याखाली मी माझाही अंगठा करंगळीला लावला.
माझ्या मनगटावर काहीच उठलं नाही.

मग डब्यातल्या तांदळात बोटं खुपसणं,
खिडकीच्या गजाला बांधलेला रबरी पट्टा,
आणि एकविसाव्या दिवशी कप स्वतःच्या हातानं ओठापर्यंत,
चहा निम्मा शर्टावर.
सहाव्या महिन्यात पंधरा पावलांवरून
इतका हलका चेंडू फेकला त्यानं
की कठड्यावरचं पोर हसलं,
"अंकल, हे कसलं कॅचकॅच?"

आज चौदावा महिना.
मी एक बोट दाखवतो. सरळ येतो.
एक बोट. सरळ.
मिटच्या खळग्यात घेऊन मी मुद्दाम आवाज काढतो,
आम्हाला जमतं ते.
तो ओळखतो, हसत नाही.
पाचव्या खेपेला मान नाही म्हणते.
मी पुन्हा एक.
पुन्हा नाही.
मागून क्रिकेटवाले ओरडतायत, आटपा रे.
तो उंचवट्यावर उभा,
चेंडू पाठीमागे, वाट बघत,
आणि मांड्यांच्या आड माझी मूठ.
दुसरं बोट उघडत नाहीये.